पाच आट्यांवर बसवलेलं चाक

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हा सांगलीत विश्रामबागेत माझं टायरचं दुकान होतं. पुण्यात एका वर्कशॉपमध्ये चार वर्षं काढून मी परत आलो होतो आणि येताना चाकं बॅलन्स करायचं एक जुनं मशीन घेऊन आलो होतो. आमच्या भागात तसं मशीन दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. कॉलेजचे प्राध्यापक, डॉक्टर, कारखान्यातले साहेब, तासगावकडचे द्राक्षवाले अशी गिऱ्हाइकं यायची. काम मी एकट्यानं करायचो. मला माझ्या हाताचा अभिमान होता. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते त्या अभिमानापायी झालं. दुसरं काही कारण सापडतं का, हे मी पुष्कळ वर्षं शोधून पाहिलं आहे.

तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी माझे नेहमीचे गिऱ्हाईक होते. वय पस्तिशीचं, बोलका माणूस, दिलदार. त्यांच्याकडे आखूड बांध्याची, उंच, मिलिटरीत असते तशी पेट्रोलवरची जीपगाडी होती. एका सकाळी ते गाडी घेऊन आले. मागच्या बाजूला गोणपाटात गुंडाळलेली चार चाकं आणि चार टायर होते. मुंबईतल्या त्यांच्या मेहुण्यानं बाहेरच्या देशातून मागवलेले.

मी गोणपाट सोडलं. चाकं अॅलॉयची होती, गाडीच्या मूळ लोखंडी चाकांपेक्षा दोन इंच मोठी आणि चांगलीच रुंद. टायर मात्र चपटे. बाजूचं रबर जेमतेम चार बोटं उंच. तसले टायर मी पुण्यात एकदाच पाहिले होते, तेही कुणा दुसऱ्याच्या हाताखाली.

"बसत्याल का मिस्त्री?" मालकांनी विचारलं. "रविवारी धाकट्या भावाचा साखरपुडा हाय. गाडी दारात हुबी ऱ्हायली म्हंजी लोकांनी बघत बसलं पायजे."

"बघतो," मी म्हणालो. पण बघायच्या आधीच माझं ठरलं होतं. सांगलीत असं काम आजवर कुणी केलं नव्हतं.

त्यांच्याबरोबर त्यांचा ड्रायव्हर आला होता. माण तालुक्यातला, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीचा. तिथल्या बौद्धवाड्यातून फौजेत गेलेला हा पहिलाच माणूस. फौजेत सतरा वर्षं ट्रक चालवून पेन्शनीवर आलेला. आमच्याकडे फौजेतून आलेल्याला सगळे मेजर म्हणतात, मग त्याचा हुद्दा काहीही असो. मीही त्याला मेजरच म्हणायचो. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारा. रोज सकाळी गाडी काढण्याआधी तो पाना घेऊन चारी चाकांचे नट तपासायचा. फौजेत लागलेली सवय.

मालक बाजारात गेले आणि मी कामाला लागलो. टायर चाकांवर चढवताना अॅलॉयला ओरखडा जाऊ नये म्हणून मी माझ्या बायकोचं जुनं पातळ टायर चढवायच्या लोखंडी पट्टीखाली धरलं. चौघं-पाचजण बघायला जमले होते. पहिलं चाक उचलून पुढच्या बाजूला लावलं तर ते आत टेकलं. चाकाची आतली कड ब्रेकला घासत होती. फिरेचना.

याला उपाय एकच. चाक बाहेर काढायचं. म्हणजे चाक आणि ब्रेकचा ड्रम यांच्यामध्ये लोखंडी चकती घालायची. तिला स्पेसर म्हणतात. मी मोजमाप घेऊन सायकलवरून कुपवाडला गेलो आणि ओळखीच्या लेथवाल्याकडून पाव इंच जाडीच्या चार चकत्या कातून आणल्या. त्या घातल्यावर चाक छान बसलं. मोकळं फिरलं. मग मी नट लावायला घेतले.

नट बोटानं फिरवताना फेरे आपोआप मोजले जातात, हाताला सवय असते. या गाडीचा नट मूळ चाकावर दहा-अकरा फेरे घ्यायचा. आता पाच झाले आणि नट टेकला. चकतीच्या जाडीएवढा बोल्ट आत गेला होता. पाच आट्यांवर चाक उभं राहणार होतं.

मला ते तिथंच कळलं. बोल्ट बदलून लांब घालायला हवे होते. पण लांब बोल्ट सांगलीत मिळणारे नव्हते, पुण्याहून मागवायला आठ दिवस लागले असते आणि साखरपुडा परवावर आला होता. मी पाना घेतला आणि नट जीव खाऊन आवळले. मडगार्डची आतली कड टायरला लागत होती, ती हातोडीनं वळवली. चाकं मशीनवर आधीच बॅलन्स करून घेतली होती. गाडी खाली उतरवली तेव्हा बघणाऱ्यांपैकी एकजण नुसताच "आयला" म्हणाला. गाडीचं रूपच पालटलं होतं. मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बोल्ट लांब टाकायला लागतील," मी त्यांना म्हणालो. "मागवून ठेवतो. आठ दिवसांनी गाडी पाठवा."

"पाठवतो की," ते म्हणाले.

बोल्ट मी मागवले. ते आले. कागदाच्या पुडक्यात माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिले. गाडी आली नाही. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला होता, मालकांना वेळ नव्हता. मी दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा ते घरी नव्हते. तिसऱ्यांदा लावला नाही.

दीडेक महिन्यानं मेजर एकटाच गाडी घेऊन आला.

"मिस्त्री, स्टेरिंग थरथरतंय," तो म्हणाला. "आन नट रोजच्याला ढिलं सापडत्यात. रोज आवळतूया मी."

मी पुढचं डावं चाक काढलं. एका बोल्टचे आटे चपटे झाले होते. दुसऱ्याचे झिजून चकाकत होते. कारण समजायला फार हुशारी लागत नव्हती. पूर्वीच्या टायरला बाजूनं जाड रबर होतं, खड्ड्याचा दणका ते गिळायचं. या टायरला ती बाजूच नव्हती. तासगाव-मणेराजुरी रस्त्यावरचा प्रत्येक दणका सरळ बोल्टवर येत होता, आणि बोल्टला धरून होते पाच आटे.

"मेजर, आटे कमी धरतायत," मी म्हणालो. "बोल्ट माझ्याकडे येऊन पडलेत. आज गाडी ठेवून जा."

"आज न्हाई जमायचं. बागंत औषदं न्यायची हायती, मालक वाट बघत्यात."

"मग मालकांना सांगा. ह्या आठवड्यात गाडी आणाच."

"सांगतो."

त्यानं सांगितलंही. मालक म्हणाले, माल उतरला की पाठवू. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी काय केलं, तर नट पुन्हा जीव खाऊन आवळले आणि गाडी जाऊ दिली. मी किल्ली काढून घेऊ शकत होतो. जुनी चाकं माझ्याच दुकानात मागच्या भिंतीला उभी होती, ती चढवायला अर्धा तास लागला असता. मला ते सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण ती गाडी सांगलीभर माझ्या कामाची जाहिरात करत फिरत होती, आणि तिला पुन्हा ते जुने लोखंडी पाय लावायचे हे माझ्या जिवावर आलं.

त्यानंतर बारा दिवसांनी, दुपारी चारच्या सुमाराला, मणेराजुरीच्या रस्त्यावर पुढचं डावं चाक निसटलं.

मेजर एकटाच होता. वेग जास्त नव्हता. द्राक्षबागेतलं काम संपवून पाच-सहा बायका रस्त्याच्या कडेनं घराकडे चालल्या होत्या. गाडी ड्रमवर बसून घासत कडेला थांबली. चाक थांबलं नाही. ते गाडीच्या पुढे सुटलं आणि सगळ्यात मागं चाललेल्या बाईच्या पाठीत बसलं. मेजर उतरून आधी तिच्याकडे पळाला. मागून येणारा टेम्पो त्यानंच आडवा होऊन थांबवला, तिला उचलून आत घातलं, स्वतः शेजारी बसला. मिरजेच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली. टेम्पोतल्या लोकांनी मग मेजरला मारलं. त्यानं हात वर केला नाही असं टेम्पोवालाच नंतर सांगत होता.

बाई चाळिशीची होती. मागे नवरा आणि दोन मुली.

मला संध्याकाळी मालकांचा फोन आला. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "चाक निघालं मिस्त्री," एवढंच दोनदा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ते दुकानावर आले. डोळे सुजलेले. स्टुलावर बसले. मग म्हणाले, "पोलीस तुमच्याकडं येत्याल. तुमी चाकं नीट बसवलीवती का न्हाई?"

"बसवली होती."

"नट आवळलंवतं?"

"आवळले होते."

"मग तेवढंच सांगा. नट बघायचं काम ड्रायव्हरचं असतंय. त्याचं लक्ष नसंल." पुढे ते म्हणाले, "माझं नाव, तुमचं नाव उगा कशाला त्यात."

त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नाही. मीही बोललो नाही. जबाब घ्यायला हवालदार आले तेव्हा मी सांगितलं, चाकं मी बसवली, नट पूर्ण आवळले होते. त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. दोन्ही वाक्यं खरी होती. गाडी तपासणाऱ्या साहेबांनी कागदावर लिहिलं होतं की पुढच्या डाव्या चाकाचे नट जागेवर सापडले नाहीत. तेही खरं होतं. तेवढ्या खऱ्या गोष्टींवर मेजरवर गुन्हा दाखल झाला. निष्काळजीपणानं गाडी चालवून माणूस मारल्याचा.

जामिनावर सुटल्यावर मेजर आला. कपाळावरची जखम भरत आली होती. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. मी बसा म्हणालो तर बसला नाही.

"मिस्त्री, त्या दिवशी तुमी मला म्हनलासा, आटे कमी धरत्यात म्हनून," तो म्हणाला. "तेवढं ठान्यात येऊन सांगा. मी नट बघत नव्हतो आसं लिवलंय त्येंनी. मी रोज बघत हुतो. तुमास्नी ठावं हाय."

"हो, ठाऊक आहे."

"मग याल नव्हं?"

"बघतो," मी म्हणालो. चाकं बसतील का असं मालकांनी विचारलं तेव्हाही मी हेच म्हणालो होतो. त्या वेळी त्याचा अर्थ हो होता. मेजर वळला आणि गेला.

मी ठाण्यात गेलो नाही. एकदा निघालो होतो. तासगावच्या एसटीत बसलोही, आणि वाटेत कवलापूरला उतरून परत आलो. घरी बायकोला सगळं सांगितलं होतं. ती शाळेत शिकवायची, मोजकं बोलायची. एक दिवस सकाळी चहा ठेवता ठेवता तिनं विचारलं, "तुम्ही खोटं सांगितलं का?"

"नाही."

"मग मेजरांच्या वकिलाला भेटायला काय हरकत आहे?"

मी चहा न घेताच दुकानाकडे निघालो. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर आमच्या घरात दुकानाबद्दलचं बोलणं हळूहळू बंद झालं.

केस उभी राहायला अडीच वर्षं गेली. मेजरची नोकरी गेली होती. गुन्हा अंगावर असलेल्या ड्रायव्हरला कोण ठेवणार. मायणीजवळच्या एका शाळेनं गाडीवर घेतलं होतं, त्यांना कळल्यावर त्यांनीही काढलं. प्रत्येक तारखेला तो दहिवडीहून एसटीनं विट्याला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं तासगावच्या कोर्टात यायचा. तारीख पडली की परत. मालकांचा वकील सुरुवातीला त्याच्यासाठी उभा राहिला होता, पुढे राहिला नाही. मग सरकारी मदतीतून एक तरुण वकील मिळाला.

मला साक्षीचं समन्स आलं. सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून. कोर्टाच्या व्हरांड्यात मेजर एका बाकावर बसला होता. त्याच्यापासून थोडं दूर, त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मेलेल्या बाईचा नवरा बसला होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण अडीच वर्षांच्या तारखांनी त्यांना एका बाकाची सवय झाली असावी.

पिंजऱ्यात मला सरकारी वकिलांनी विचारलं, चाकं तुम्ही बसवली? हो. नट पूर्ण आवळले होते? हो. ते बसले. मेजरच्या वकिलानं उठून एकच प्रश्न विचारला, अपघाताआधी आरोपीनं गाडी दुरुस्तीला आणली होती का. त्यालाही हो म्हणून मी खाली उतरू शकत होतो. उतरायचंच असं मी सकाळी ठरवून आलो होतो.

"आणली होती," मी म्हणालो. आणि मग थांबता आलं नाही. चकती, पाच आटे, चपटे टायर, खणातले बोल्ट, भिंतीला उभी असलेली जुनी चाकं, सगळं सांगितलं. आरोपी रोज नट आवळत होता आणि इतक्या कमी आट्यांवर रोज जोर लावला की आटे खलास होतात, हेही सांगितलं. सरकारी वकील उठून काही म्हणायला लागले. न्यायाधीश बाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

"हे पोलिसांना का सांगितलं नाही?" त्यांनी मला विचारलं.

"त्यांनी विचारलं नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "मलाच सांगायचं नव्हतं."

त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही.

बाहेर आलो तर बाईचा नवरा पायरीवर उभा होता. सुकलेला माणूस, डोक्यावर टोपी. त्यानं मला अडवलं नाही, फक्त समोर आला.

"म्हंजी चाक सुटनार हे तुमास्नी ठावं व्हतं?"

"सुटेल असं वाटलं नव्हतं."

"पन ठावं व्हतं," तो म्हणाला. त्यानं मान हलवली आणि तो एसटी स्टँडच्या बाजूला चालायला लागला.

महिन्याभरात मेजर निर्दोष सुटला. माझ्यावर काही झालं नाही. कोर्टात सांगितलं म्हणजे आता आपल्यालाही बोलावतील, या धास्तीनं मी पुष्कळ दिवस काढले. कुणी आलं नाही. मालकांनी माझ्याकडे येणं बंद केलं, एवढंच. रस्त्यात दिसले की मान वळवायचे.

निकालानंतरच्या उन्हाळ्यात मी माणला मेजरच्या वाडीवर गेलो. फाट्यावर उतरून वाडीपर्यंत दोन मैल चाललो. ओढे कोरडे, शेतं उघडी, गावात बायका, म्हातारे आणि पोरं. बाकीचे मुंबईत. मेजरचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि फौजेतला त्याचा एक फोटो. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा बदलला, पण तिनं चटई घातली.

"शेळ्या घिऊन गेल्यात," ती म्हणाली. "गाडी सोडली त्येंनी. लायसन हाय, पर ट्रंकंत ठिवलंय. दहिवडीला बाजारला बी चालत जात्यात."

तासाभरानं तो आला. शेळ्या कोंडल्या, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर बसला. केस पूर्ण पांढरे झाले होते. मी जे बोलायचं म्हणून गेलो होतो ते बोललो. चूक माझी होती, ठाण्यात मी यायला हवं होतं, तुमची तीन वर्षं माझ्यामुळं गेली. त्यानं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "मिस्त्री, येक इच्यारू? तुमी कोर्टात म्हनलासा, रोज आवळल्यानं आटे गेलं. त्ये खरं हाय का वकिलासाठी म्हनलासा?"

मला काय विचारलंय ते क्षणभर कळलं नाही. मग कळलं, तो स्वतःच्या हाताबद्दल विचारत होता. खोटं बोलायची वेळ कधी असेल तर ती हीच होती. पण त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जमलं नाही.

"खरं आहे," मी म्हणालो. "पण त्यात तुमचा दोष नाही. नट ढिले सापडल्यावर कुणीही आवळलेच असते. बोल्टच आखूड पडत होते. ते माझं काम होतं."

"आसंल," तो म्हणाला. "पन पाना माज्या हातात हुता. आदी मला वाटायचं, म्या माजी ड्यूटी केली, चाक कसं बी निघू दे. तेवढ्यावर दीस काढलं. आता तसं बी वाटत न्हाई."

त्याच्या बायकोनं जेवून जा म्हटलं. भाकरी आणि हुलग्याची पातळ आमटी होती. आम्ही दोघं जेवलो. तो या वर्षीच्या चाऱ्याबद्दल बोलला, मी दुकानाबद्दल काहीच बोललो नाही. फाट्यापर्यंत तो सोडायला आला नाही. दारात उभा राहून त्यानं कुठल्या पायवाटेनं गेलं तर ऊन कमी लागेल ते सांगितलं.

मी त्याला पुढे दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. विट्याच्या एका गिऱ्हाइकाकडून काही वर्षांनी कळलं की तो गेला, पोटाच्या दुखण्यानं. त्या बाईच्या घरी मी अजून गेलेलो नाही. तिच्या मुली आता लग्न होऊन कुठे कुठे असतील. मणेराजुरीला कामानिमित्त जावं लागतं तेव्हा मी एसटीनं जातो आणि खिडकीपासून लांबची जागा बघतो.